जाळे कोणाच्या पदरचे फाटावे?

आकुर्डीच्या खंडोबाच्या माळावर उभे राहून कोणी कितीही डोळे ताणले तरी त्यास समुद्र दिसावयाचा नाही. मध्ये सह्याद्री आडवा पडला आहे, आणि आमच्या गावाचा पाण्याशी जो काय संबंध तो पवनेच्या व इंद्रायणीच्या पाण्यापुरता. अशा गावच्या वाचकांपुढे समुद्रात सापडणाऱ्या अजस्र प्राण्यांचा विषय आम्ही आणावा, हे आमच्या काही व्यापारी मित्रांस चमत्कारिक वाटेल. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर एखादा प्रचंड मासा जाळ्यात आला की त्याचे चित्र घटकाभरात घाट चढून आमच्या प्रत्येक दुकानात व कारखान्याच्या फाटकावर पोहोचते. त्यावर जी मते दिली जातात ती येथेच दिली जातात. आणि त्या प्राण्याच्या नावावर जो चोरटा धंदा चालतो त्याची गिऱ्हाइकेही येथेच सापडतात. तेव्हा या प्रकरणी समुद्रकाठच्या लोकांस चार शब्द सांगण्याआधी आपण घाटावरचे लोक काय करितो हे पाहिलेले बरे.

पहिला प्रकार बघ्यांचा. २०१५ सालच्या जून महिन्यात अलिबागजवळ रेवदंड्याच्या वाळूत सुमारे बेचाळीस फुटांचा निळा देवमासा जिवंत येऊन रुतला. गावकऱ्यांनी व वनखात्याच्या लोकांनी त्यास परत लोटण्याची शिकस्त केली, पण तो वाचला नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात सिंधुदुर्गाच्या समुद्रात अभ्यासकांस निळे देवमासे दिसले होते, आणि अनेक दशकांनी हे प्राणी महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ आढळल्याचा आनंद व्यक्त होत होता. पुढे २०१६ च्या जानेवारीत मुंबईस जुहूच्या चौपाटीवर पस्तीसेक फुटांचा मेलेला देवमासा लागला. तेथे लोटलेल्या गर्दीत त्या प्रेतासमवेत आपली छबी काढून घेणारांची संख्या इतकी होती की त्यास पुरण्याचे काम करणाऱ्या नोकरांस आधी माणसे हटवावी लागली असावीत. मृत प्राण्याच्या अंगात रोगजंतू असतात, सडणाऱ्या प्रेतात वायू साठून ते फुटते, ही गोष्ट शाळेत शिकलेल्या माणसांस ठाऊक नसते असे नाही. परंतु मोठे काही पाहिले की त्याच्या शेजारी आपण उभे राहून आपला मोठेपणा वाढवून घ्यावा, ही खोड आमच्या राजकारणात जशी आहे तशीच ती चौपाटीवरही दिसते.

तथापि बघ्यांची गर्दी म्हणजे केवळ उपद्रवच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्यास देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले, तेव्हा गावकरी, मच्छीमार, वनखाते, तटरक्षक दल आणि प्राण्यांचे वैद्य या सर्वांनी मिळून सुमारे चाळीस तास खटपट केली. त्याच्या अंगावर पाणी ओतून कातडी ओली ठेविली आणि शेवटी त्यास ओढून खोल पाण्यात नेले. ते पुढे पुन्हा किनाऱ्यास लागून मेले, हे खरे. पण त्या चाळीस तासांत कोणास पैसा मिळावयाचा नव्हता. जी माणसे जुहूस छबी काढतात तीच, योग्य सांगणारा भेटला तर, पुळ्यास बादल्या वाहतात. म्हणून जनतेस दोष देऊन मोकळे होणाऱ्या मंडळींशी आमचा मतभेद आहे.

दुसरा प्रकार शकुन पाहणारांचा. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात पट्ट्यासारखा लांबलचक, रुपेरी, डोक्यावर तांबडा तुरा असलेला मासा आला. इंग्रजीत त्यास ओअरफिश म्हणतात. हा मासा खोल पाण्यात राहतो, आजारी पडला किंवा मरणाच्या पंथास लागला म्हणजे वर येतो, आणि म्हणून माणसांच्या दृष्टीस क्वचित पडतो. जपानात जुना समज असा की हा वर आला म्हणजे भूकंप होतो. २०११ च्या मार्चातील प्रलयंकारी भूकंपापूर्वी तेथील किनाऱ्यावर असे काही मासे सापडले होते, त्यामुळे त्या समजुतीस जोर आला. मग आमच्याकडेही ‘जगबुडीचा मासा सापडला’ अशा मथळ्याने ती चित्रे हातोहात फिरली. आता जपानातील शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा निकाल केवळ हसून लाविला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी १९२८ पासून २०११ पर्यंतची जुनी वर्तमानपत्रे व नोंदी धुंडाळून खोल समुद्रातील मासे दिसल्याचे ३३६ प्रसंग गोळा केले, त्या काळातील २२१ मोठ्या भूकंपांशी ते ताडून पाहिले, आणि २०१९ साली निष्कर्ष छापला. दोहोंचा मेळ बसावा असा प्रसंग एकच निघाला! अंधश्रद्धा घालविण्याची ही रीत आहे. लोक मूर्ख आहेत असे म्हटल्याने लोक शहाणे होत नाहीत; त्यांच्यापुढे हिशेब मांडावा लागतो, आणि हिशेबाची भाषा आमच्या व्यापारी वाचकांस तरी नवी नाही.

आता बाजाराकडे वळू. २०२१ सालच्या पावसाळी बंदीनंतर पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका होडीस पहिल्याच फेरीत १५७ घोळ मासे सापडले आणि ते एक कोटी तेहतीस लाखांस विकले गेले. घोळीच्या पोटातील हवेच्या पिशवीस पूर्वेकडील देशांत मोठी मागणी असते, म्हणून हा भाव. ही वार्ता छापून आली तेव्हा आमच्या ओळखीच्या दोघा-तिघांनी होडीत भांडवल घालण्याची चौकशी केली! दर्यात जाणाऱ्या हजारो होड्यांपैकी एकीस जे घडले ते बातमी होते; उरलेल्यांचे डिझेलही सुटत नाही ती बातमी होत नाही. सोडतीचे तिकीट घेणाराची आणि ही बुद्धी एकच. शिवाय घोळ मोठी होण्यास वर्षे लागतात आणि मोठी मादीच पुष्कळ अंडी घालते, म्हणून मोठी घोळ संपविणे म्हणजे मुद्दल खाऊन व्याजाची वाट पाहण्यासारखे आहे. गुजरातने २०२३ साली घोळीस आपला राज्यमासा ठरविले; त्याच वर्षी आमच्या सरकारने तो मान पापलेटास दिला. मान देणे सोपे असते. लहान आसाची जाळी आणि अवेळी मासेमारी आवरण्याचे काम कठीण असते, आणि तेच अजून पुरते झालेले नाही.

यापेक्षा वाईट प्रकार ‘देवमाशाच्या उलटी’चा. स्पर्म व्हेल नावाचा देवमासा माकुळासारखे प्राणी खातो. त्यांच्या कठीण चोची त्याच्या आतड्यात टोचू लागल्या म्हणजे भोवती मेणासारखा पदार्थ साठतो आणि पुढे तो बाहेर टाकला जाऊन लाटांवर तरंगतो. यालाच अंबर म्हणतात. अत्तराचा वास टिकविण्यासाठी याचा जुन्या काळापासून उपयोग होत आला. आता तोच गुण वनस्पतीपासून सिद्ध केलेल्या द्रव्यात मिळतो. स्पर्म व्हेल आपल्या कायद्याने पूर्ण संरक्षित आहे, आणि अंबराची खरेदी-विक्री करणारांस वन्यजीव कायद्याखाली अटक होते. २०२१ साली आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनीच अशा प्रकरणात माणसे पकडली, आणि मालाची किंमत कोटीत सांगितली गेली. जेथे समुद्र नाही तेथे समुद्राचा हा माल फिरतो, याचा अर्थ गिऱ्हाईक येथे आहे. या धंद्यात खऱ्या अंबरापेक्षा मेणाचे गोळेच अधिक विकले जात असतील, आणि फसलेला मनुष्य पोलिसांत जाऊ शकत नाही. कारण तक्रार करावयाची म्हणजे आपण गुन्हा करावयास निघालो होतो हे आधी लिहून द्यावे लागते. आमच्या वाचकांपैकी कोणास असा गोळा कोणी दाखविला तर त्याने वास घेण्याच्या फंदात न पडता दुकानाचे दार दाखवावे.

येथवर घाटावरच्यांचा पाढा झाला. आता ज्याच्या जाळ्यात हा प्राणी येतो त्या मनुष्याकडे पाहू. कारण या सगळ्या गलबल्यात त्याचेच कोणी ऐकत नाही, आणि आमच्या मते मुख्य प्रश्न त्याचाच आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. ठार मारणे तर तीत येतेच, पण पकडणे, फाशात वा सापळ्यात अडकविणे हेही येते. २००१ च्या मे महिन्यात व्हेल शार्क, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके असलेली ती प्रचंड मुशी, पहिल्या परिशिष्टात घातली गेली. या कायद्याचे छत्र लाभलेला हा भारतातील पहिला मासा होय. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारने एकदम सर्वच मुशी आणि पाकटे संरक्षित ठरविली. किनाऱ्यावर हाकाटी झाली, आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आणावी लागली. करवत मासा त्या दहांत आहे. २०१६ साली सिंधुदुर्गाच्या समुद्रात वीसेक फूट लांबीचा करवत मासा जाळ्यात आला आणि त्याची चित्रे सर्वत्र फिरली. पण ती पाहणारांपैकी कितीजणांस हा प्राणी वाघाच्याच पंक्तीस बसविलेला आहे हे माहीत होते? २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती २०२३ च्या एप्रिलपासून अमलात आली. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याच्या बाबतीत आज शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. याशिवाय कलम ३९ असे सांगते की असा प्राणी सरकारी मालमत्ता आहे, आणि तो कोणत्याही प्रकारे ज्याच्या ताब्यात येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत वर्दी दिली पाहिजे.

कायदा उत्तम आहे. त्याच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु कायदा लिहिणारापुढे बंदूक घेऊन रानात शिरणारा शिकारी उभा होता. रानातला शिकारी वाघ पाहून नेम धरतो. तांडेल पाण्यात जाळे सोडतो तेव्हा त्यास बांगडा हवा असतो. आत काय आले हे जाळे ओढल्यावरच कळते. सिंधुदुर्गाकडे रापण लावितात, तेव्हा एका टोकास वीस-पंचवीस माणसे दोर ओढीत असतात आणि दुसऱ्या टोकास आणखी तितकीच. अशा रापणीत दोन-तीन खंडी वजनाची व्हेल शार्क शिरली की तिच्या पहिल्या धडपडीत जाळ्याची चाळण होते. ती वाचवावयाची तर उरलेले जाळेही सुरीने कापावे लागते, आणि त्याबरोबर त्या दिवसाची सगळी मासळी समुद्रास परत जाते. जाळे बहुधा उसनवारीच्या पैशाने घेतलेले. मासळीचा पैसा पुष्कळदा आगाऊ उचललेला. ही मंडळी अडाणीपणाने तो प्राणी मारतात असे शहरातील सुशिक्षित सांगत असतात. आमचे म्हणणे असे की सुरी कोठे चालवावयाची, माशावर की जाळ्यावर, याचा निर्णय अर्ध्या तासात करावा लागणारा मनुष्य अडाणी नसतो, तो अडचणीत असतो.

या अडचणीवर महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात एक खरोखर शहाणपणाचा उपाय काढला, आणि सरकारवर टीका करण्याची सवय असलेल्या आम्हांस तो मोकळ्या मनाने वाखाणला पाहिजे. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले तर त्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावयाची, अशी ती योजना. मत्स्यव्यवसाय खाते आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांनी मिळून ती चालविली. पुरावा म्हणून मोबाईलवर काढलेले चित्र पुरते. ज्या यंत्राने जुहूस तमाशा केला तेच यंत्र येथे गरिबाचा साक्षीदार झाले! या योजनेखाली कासवे, व्हेल शार्क व इतर प्राणी सुटल्याची उदाहरणे पुष्कळ नोंदली गेली आहेत. गुजरातेत हे काम आधीच सुरू झाले होते. तेथील मच्छीमार पूर्वी व्हेल शार्कला तेल आणि मांस यांसाठी मारीत. पिंपे बांधून तिला किनाऱ्यास आणीत म्हणून तिचे नावच ‘बॅरल’ पडले होते. माइक पांडे यांनी २००० साली या कत्तलीवर बोलपट काढून ती जगापुढे मांडली. पुढे २००४ साली कथाकार मोरारी बापूंनी लोकांस सांगितले की ही माहेरपणास येणारी लेक आहे, हिला ‘व्हाली’ म्हणा. बंदीने जे झाले नसते ते या एका शब्दाने झाले, आणि नंतरच्या वर्षांत शेकडो व्हेल शार्क तेथील मच्छीमारांनी आपल्या हाताने सोडून दिल्या. धर्म म्हटला की नाक मुरडणाऱ्या आमच्या काही सुधारक बंधूंनी हे उदाहरण नीट पाहावे.

मग उणे कोठे आहे? उणे हिशेबात आहे. भरपाईची मर्यादा एकदा आकडा ठरवून बांधण्याऐवजी ती जाळ्याच्या चालू बाजारभावास बांधली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नायलॉनचे सूत महागते, मजुरी वाढते, आणि कागदावरील आकडा सरकारच्या सवडीने हलतो. दुसरे, बुडालेल्या दिवसाची मासळी हीही नुकसानीत धरावी. रापणीत चाळीस कुटुंबांचा वाटा असतो, एकट्या मालकाचा नसतो. तिसरे, आणि वकिलीच्या दृष्टीने आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की जाळ्यात आपोआप आलेला प्राणी जिवंत सोडला, अथवा मेलेला सापडल्यावर मुदतीत वर्दी दिली, तर तो मनुष्य गुन्हेगार नव्हे, असे कायद्यातच स्वच्छ शब्दांनी लिहिले जावे. आज ही गोष्ट अधिकाऱ्याच्या समजूतदारपणावर सोडलेली आहे. अधिकारी समजूतदार असेल तर ठीक. नसेल तर ज्याने प्रामाणिकपणे वर्दी दिली तोच चौकशीत अडकतो, आणि पुढल्या खेपेस तो मेलेला मासा गुपचूप खोल पाण्यात लोटून देतो. त्यायोगे प्राणीही जातो आणि त्याची माहितीही जाते.

माहिती जाणे ही लहान गोष्ट नव्हे. १९३८ सालच्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन बंदरावर मासेमारीच्या एका जहाजाच्या कप्तानाने आपल्या ढिगात एक विचित्र निळा मासा पाहिला आणि गावच्या लहानशा संग्रहालयाच्या बाईंस निरोप धाडला. मार्जरी कोर्टने-लॅटिमर त्यांचे नाव. पाच फूट लांबीचे ते दुर्गंधीयुक्त धूड गाडीत घेण्यास भाड्याच्या गाडीवाल्याने खळखळ केली. त्यांनी चित्र काढून प्राध्यापक स्मिथ यांस पाठविले, आणि जो वंश साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच नष्ट झाला असे सारे विद्वान मानीत होते तो जिवंत असल्याचे सिद्ध झाले. हाच सीलाकँथ. दुसरा मिळण्यास १९५२ साल उजाडले. तो कोमोरो बेटांजवळ मिळाला, त्यासाठी शंभर पौंडांचे बक्षीस लावून पत्रके वाटावी लागली, आणि मग कळले की तेथील कोळ्यांच्या गळास हा मासा अधूनमधून लागतच असे व त्यांच्या भाषेत त्यास नावही होते! पंडितांस जे ठाऊक नव्हते ते होडीवाल्यास ठाऊक होते. त्यास विचारणारे कोणी नव्हते, इतकेच. आमच्या कोकणात तरी आज निराळे काय आहे? प्रत्येक मोठ्या बंदरावर सापडलेल्या विलक्षण प्राण्याची वर्दी घेणारा, तो मोजून नोंदणारा आणि मच्छीमाराशी त्याच्या बोलीत बोलणारा एक शिकलेला मनुष्य बसविणे म्हणजे सरकारी तिजोरी रिकामी करणे नव्हे.

परकी अंमलात हे काम परक्यांनी केले. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा करून १८३९ साली त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या माशास त्याने आमच्याच लोकांच्या तोंडचे नाव धरून ‘खुद्री’ म्हटले, आणि जगातील शास्त्रज्ञ आजही त्या महसीर माशास तेच नाव देतात. देहूच्या डोहात तुकोबांच्या पुण्याईने पिढ्यानपिढ्या अभय मिळालेला हा महसीर. आमच्याकडील लोक त्यासही देवमासाच म्हणतात. समुद्रातील देवमासा मासा नव्हे, तो फुप्फुसाने श्वास घेणारा व पिलास दूध पाजणारा प्राणी आहे. आमचा इंद्रायणीतला देवमासा मात्र खराखुरा मासा आहे, आणि त्यास वाचविण्यासाठी कोणा तांडेलाने जाळे फाडण्याची गरज नाही. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीने पन्नास वर्षांहून अधिक काळ महसिराची पैदास करून लक्षावधी पिले नद्यांत सोडली. त्याच इंद्रायणीवर खाली देहू-आळंदीस पाण्यावर फेस तरंगतो आणि गेल्या काही वर्षांत मेलेल्या माशांचा खच काठास लागलेला लोकांनी पाहिला आहे. तो फेस कोकणातून आला नाही. तो आमच्याच वस्त्यांच्या मोऱ्यांतून व आमच्याच कारखान्यांच्या नळांतून आला आहे.

तेव्हा मुशीसाठी कोळ्याने पंचवीस हजारांच्या आशेवर आपले जाळे कापावे, असा उपदेश करणाऱ्या आमच्या उद्योगपतींस व नगरपित्यांस एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. नदीत सोडण्यापूर्वी सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च हे त्यांचे जाळे आहे. ते कापण्याची त्यांची तयारी किती, हे येत्या अंदाजपत्रकात आकड्यांनी दिसावे. त्या आकड्यांची तपासणी आम्ही याच स्तंभात करणार आहो, आणि ज्या कारखानदारांस आपला शुद्धीकरणाचा हिशेब प्रसिद्ध करावयाचा असेल त्यांचे पत्र आम्ही काटछाट न करता छापू.